हातिम, हॅरी आणि आपली मुले

जळगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे माझ्या वर्गाच्या कपाटात दोन्ही लिपींतली पुस्तके शेजारी शेजारी राहतात. त्यांतली दोन पुस्तके मुलांच्या हाताळण्याने सर्वांत जास्त फाटली आहेत. एक उर्दूतला मुलांसाठीचा ‘हातिमताई’, आणि दुसरे मराठीत आलेले ‘हॅरी पॉटर आणि परीस’. यांतले दुसरे पुस्तक एका पालकाने चिठ्ठी लावून परत पाठवले : ‘आपा, जादूची किताब घरात नको.’

या चिठ्ठीला हसून सोडून द्यावे असे मला वाटले नाही. जादू शिकणे आणि करणे आपल्याकडे हराम आहे, हे बापाने मुलाला सांगितलेच पाहिजे. पण त्याच घरात ‘हातिमताई’ मात्र बिनबोभाट वाचला जात होता, आणि त्यात परी, देव, तिलिस्म काय नाही? म्हणून दोन्ही पुस्तकांच्या नायकांना समोरासमोर बसवून पाहावे असे मी ठरवले.

आधी हातिम. मराठी वाचणारी मुले प्रथम विचारतात, ‘ही कोणाची ताई?’ ताई म्हणजे ‘तय’ कबिल्याचा. खरा हातिम इस्लामपूर्व अरबस्तानातला कवी आणि दानशूर सरदार. त्याची मुलगी कैदी म्हणून मदिन्यात आली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला सन्मानाने मुक्त केले, असा प्रसंग सीरतच्या किताबांत येतो. पुढे हातिमचा मुलगा अदी (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला. आपण वाचतो तो किस्सा मात्र कल्पनेचा आहे. फारसीतून तो उर्दूत आणला हैदर बख्श हैदरी यांनी, कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. नाव ‘आराइश-ए-महफिल’. पुढे छोट्या पुस्तकांतून, सिनेमातून आणि २००३-०४ च्या टीव्ही मालिकेतून तो घरोघरी गेला. धुळ्याला माझ्या माहेरी तर तो पुस्तकाशिवायच आला होता. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की नानी एका रात्री एक प्रश्न सांगायची.

प्रश्न सात. ते हुस्नबानूचे. तिच्याशी निकाह करू इच्छिणाऱ्याने त्यांची उत्तरे शोधून आणायची. शहजादा मुनीर शामी तिच्यासाठी वेडा होऊन रानोमाळ भटकतो. यमनचा शहजादा हातिम त्याला भेटतो आणि म्हणतो, तुझे प्रश्न मी सोडवतो. सात वेळा तो जिवावर उदार होऊन जातो. वाटेत हरिणीमागे लांडगा लागलेला दिसतो, तर आपल्या मांडीचे मांस कापून त्याला देतो. हे सगळे कोणासाठी? दुसऱ्यासाठी. शेवटी लग्न होते ते मुनीर शामीचे.

आता हॅरी. जे. के. रोलिंगबाईंच्या या मालिकेचे पहिले पुस्तक इंग्रजीत १९९७ मध्ये आले आणि सातवे २००७ मध्ये. हॅरी यतीम. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो, मावसभावाचे जुने कपडे घालतो. अकराव्या वर्षी त्याला कळते की आपण जादूगारांच्या कुळातले आहोत. मग शाळा, मित्र, परीक्षा, शिक्षा, आणि आईबापांचा जीव घेणारा दुश्मन.

चिठ्ठी लिहिणाऱ्या पालकाचे म्हणणे एका बाबतीत अगदी बरोबर आहे. आपल्या किश्शांत जादू बहुधा समोरच्या बाजूला असते आणि नायक अल्लाहच्या नावाने ती तोडतो. हॅरी मात्र स्वतःच जादू शिकतो. हा फरक खरा आहे, आणि पुस्तक हाती देण्याआधी मी तो मुलांना सांगते : ही छडी, हे मंत्र मनगढंत आहेत, शिकण्याची गोष्ट नाही.

पण दोन्ही पुस्तकांचा शेवट शेजारी ठेवून वाचा. हातिमचा सातवा प्रश्न ‘हम्माम बादगर्द’चा. तिथे पिंजऱ्यातल्या पोपटावर तीन बाण मारायचे. नेम चुकला की माणूस दगड होत जातो. आजूबाजूला असे दगड झालेले कितीतरी उभे आहेत. हातिमचे दोन बाण चुकतात, तो कमरेपर्यंत दगड होतो. तिसऱ्या वेळी तो डोळे मिटतो, अल्लाहवर भरवसा ठेवतो आणि बाण सोडतो. पोपट पडतो, तिलिस्म तुटतो, दगडाची माणसे पुन्हा चालू लागतात.

हॅरीच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी परीस एका आरशात दडवलेला आहे. हा परीस सोने बनवतो आणि आयुष्यही वाढवतो. ज्याला तो वापरायचा आहे त्याला आरशात नुसते स्वप्न दिसते. ज्याला तो फक्त वाचवायचा आहे, त्याच्याच खिशात तो येऊन पडतो. हॅरीच्या खिशात तो असा येतो. त्यानंतर दुश्मन त्याला हात लावायला जातो, तर हातच भाजतो, कारण मुलासाठी जीव दिलेल्या आईचे प्रेम त्याच्याभोवती आहे. म्हणजे त्या क्षणी जादूगार मुलाची जादू कामी येत नाही. कामी येते ती त्याची निःस्वार्थ नियत आणि आईची कुर्बानी.

दोन्ही नायक जिंकतात कारण त्यांना स्वतःसाठी काही नको असते. एक डोळे मिटून जिंकतो, दुसरा आरशात पाहून. ‘इन्नमल आमालु बिन्नियात’, कर्मे नियतीवर अवलंबून असतात, ही हदीस मी वर्गात इथेच सांगते. ती मुलांच्या लक्षात राहते.

फरकही बोलावेत. हातिममध्ये दोष नाही. तो मोठा आहे, एकटा आहे, घाबरत नाही. मुले त्याचा आदर करतात, पण ‘मी हातिमसारखा’ असे कोणी म्हणत नाही. हॅरी घाबरतो, रागावतो, नियम मोडतो, आणि रॉन व हर्मायनीशिवाय त्याचे पान हलत नाही. ज्याचे वडील वारले आहेत, जो मामाकडे राहून शिकतो, तो मुलगा हॅरी वाचताना गप्प होतो. त्याला नमुन्याची नव्हे, सोबतीची गरज असते. मुलींचे लक्ष वेगळीकडेच. वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘आपा, प्रश्न तर हुस्नबानूने विचारले, मग गोष्टीला नाव तिचे का नाही?’ वडिलांच्या मागे फसवली गेलेली, शहराबाहेर काढलेली आणि तरीही स्वतःचे शहर वसवणारी हुस्नबानू खरोखर नायिका शोभते. अभ्यासाच्या जोरावर मित्रांना वाचवणारी हर्मायनी तिची धाकटी बहीण समजा.

आज आपल्या मुलांना चौथी-पाचवीपासून एकच शिकवले जाते : तू पुढे जा, तुझा नंबर आण. पुढे जाऊ नये असे कोणती आई म्हणेल? पण ‘कोणासाठी?’ हा प्रश्न त्यांना क्लासमध्ये कोणी विचारत नाही. तो गोष्टी विचारतात.

म्हणून माझी विनंती एवढीच की पुस्तक परत पाठवण्याआधी मुलासोबत बसून वाचा. हातिम आधी द्या, हॅरी नंतर. हातिमची मात्र मुलांसाठीची आवृत्तीच घ्या, मूळ किस्सा प्रौढांचा आहे. हराम काय आणि कल्पना काय, हे तुम्हीच समजावून सांगा, ते काम शेजाऱ्यावर किंवा मोबाइलवर सोडू नका. आणि प्रत्येक प्रकरण संपले की एकच विचारा : यात याला स्वतःसाठी काय हवे होते? उत्तराची घाई करू नका. मुले त्यावर बराच वेळ विचार करतात.