फायरवॉलची नोंदवही पहिल्यांदा वाचताना

आमच्या दुकानाचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेचे व्यवहार एकाच लॅपटॉपवर होतात, आणि ते मीच बघते. त्यावर फायरवॉल चालू आहे, यापलीकडे मला तिची काही माहिती नव्हती. ती रोज नेमकं काय अडवते ते बघायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती काहीच लिहून ठेवत नव्हती. विंडोजच्या फायरवॉलमध्ये नोंदी ठेवायची सोय आहे, पण आपण चालू करेपर्यंत ती बंदच असते.

ती चालू करायला फायरवॉलच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत जाऊन प्रॉपर्टीज आणि तिथलं लॉगिंग शोधावं लागलं. 'ड्रॉप्ड पॅकेट्स'समोर 'येस' केलं. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या निरोपाचा एक तुकडा, आणि ड्रॉप म्हणजे तो अडवून टाकून देणं. नोंदींची फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात, लॉगफाइल्सच्या आत असते आणि नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय ती दिसत नाही. 4,096 केबी भरली की जुनी फाइल 'ओल्ड' नावाने बाजूला पडते आणि नवी सुरू होते. म्हणजे महिन्यांमागचं काही शोधायला गेलं तर ते तिथे असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर ओळीमागून ओळ ड्रॉप, ड्रॉप, ड्रॉप. एवढे लोक माझ्या लॅपटॉपवर टपून बसलेत की काय, या भीतीने मी बँकेचं पान बंद केलं आणि भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, घाबरण्याआधी अगदी वरच्या ओळी वाच. रकान्यांची नावं तिथेच आहेत." खरंच होती. तारीख, वेळ, अडवलं की सोडलं, कोणत्या पद्धतीने आलं, कुठून, कुठे, दोन्हीकडचे पोर्ट आणि शेवटी आत येत होतं की बाहेर जात होतं. पोर्ट म्हणजे निरोप मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रामसाठी आहे ते सांगणारा 0 ते 65,535 मधला आकडा. तेवढं कळल्यावर ओळ तोडून वाचता यायला लागली.

मग 'कुठून' हा रकाना धरला. बहुतेक पत्ते 192.168 ने सुरू होणारे होते. असे पत्ते फक्त घरातल्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेले असतात. इंटरनेटवरून थेट त्या पत्त्याने कोणी येत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी मिळाली, तिच्याशी पत्ते ताडून पाहिले. सगळ्यात जास्त ओळी आमच्या टीव्हीच्या निघाल्या. तो 239.255.255.250 या सामायिक पत्त्यावर, 1900 पोर्टवर, 'आसपास कोणी आहे का' असं पुन्हा पुन्हा विचारत होता. घरचं वायफाय मी 'पब्लिक' म्हणून नोंदवलं होतं, त्यामुळे फायरवॉल त्याला दाद देत नव्हती.

445 पोर्टची ओळ मात्र मी नीट अभ्यासली. तीही घरातलीच, मुलाच्या लॅपटॉपवरून आलेली, आणि त्याने खरोखर माझं शेअर केलेलं फोल्डर उघडायचा प्रयत्न केला होता. पण फाइली वाटून घ्यायच्या याच वाटेने मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. तो विंडोजच्या ज्या भेगेतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं; ज्यांनी ते घातलं नव्हतं त्यांना फटका बसला. घरातलं एक मशीन बाधित झालं तर ते शेजारच्या मशीनचं 445 ठोठावतं, म्हणून घरातून आलेली नोंदही वाचायची असते.

सर्वांत जास्त छळलं ते बाहेरच्या पत्त्यांनी. 443 पोर्टवरून माझ्या पन्नास हजारांच्या पुढच्या कुठल्याशा पोर्टवर, ड्रॉप. 443 हा सुरक्षित संकेतस्थळांचा पोर्ट, आणि माझ्या बाजूचा मोठा आकडा म्हणजे ब्राउझरला विंडोजने तात्पुरता दिलेला. मी पान बंद केलं होतं, जोडणी संपली होती, आणि त्या संकेतस्थळाचा उशिरा आलेला तुकडा दारात अडला होता. फोन ठेवल्यावर पलीकडच्याचं शेवटचं वाक्य यावं तसं. पाठवणारा पोर्ट बघितला नसता तर मी याला हल्लाच समजले असते. नवी जोडणी मागणाऱ्या ओळीत टीसीपी या पद्धतीच्या खुणांच्या रकान्यात नुसतं 'एस' असतं. या ओळींत ते नव्हतं.

ड्रॉप म्हणजे फायरवॉलने काम केलं. माझ्या मते लक्ष द्यायला हवं ते अलाउ आणि रिसीव्ह एकत्र असलेल्या ओळींकडे, म्हणजे जे आत आलं त्याकडे. त्यासाठी 'सक्सेसफुल कनेक्शन्स'ची नोंदही चालू करावी लागते. तुमच्या लॅपटॉपवर पैशाचे व्यवहार होत असतील तर दोन्ही नोंदी आजच चालू करा, आणि फाइल उघडण्याआधी राउटरच्या पानावरून घरातल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता कागदावर उतरवून घ्या.