चोराच्या वाटा

अभ्यासक्रम ठरविणें हें लग्न ठरविण्यासारखें आहे. दोन्ही ठिकाणीं बैठका पुष्कळ होतात, मानापमान पुष्कळ होतात, आणि ज्याच्या गळ्यांत माळ पडावयाची असते त्याचें मत सर्वांत शेवटीं विचारलें जातें. तीस वर्षें अध्यापनांत घालविल्यामुळें आम्हांला या बैठकांची संवय झालेली आहे. परंतु सायबर सुरक्षा या नव्या विषयाचा अभ्यासक्रम आंखण्यास आमचें मंडळ बसलें तेव्हां जो प्रश्न पुढें आला, तसला प्रश्न गणिताच्या किंवा तर्कशास्त्राच्या वेळीं कधीं आला नव्हता. भूमिति शिकून कोणी शेजाऱ्याचें घर फोडील, अशी धास्ती युक्लिडानें घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. या विषयांत मात्र ती धास्ती पहिल्या पानापासून आहे.

‘चोराच्या वाटा चोराला ठाऊक’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण राखणदाराला त्या वाटा ठाऊक नसतील तर राखण होणार कशी? आणि साठ मुलांना वर्गांत बसवून त्या दाखविल्या, तर त्यांतला एकादा रात्रीं त्याच वाटेनें जाणार नाहीं याची हमी देणार कोण? आमच्या मंडळांत या प्रश्नावरून सरळ दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें, हल्ल्याचें शिक्षण देऊंच नये, केवळ बचावाचें द्यावें. दुसऱ्याचें म्हणणें, ज्याला कुलूप उघडतां येत नाहीं त्यानें केलेल्या कुलपाचा भरंवसा तो काय!

हा वाद दिसतो तितका नवा नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजाचा पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. ते त्यानें अफरातफर करणारांच्या सोयीसाठीं दिले असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. इ. स. १८५१ मध्यें लंडनला मोठें प्रदर्शन भरलें, त्या वेळीं आल्फ्रेड हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कुलुपवाल्यानें प्रथम चब यांचें नामांकित कुलूप उघडून दाखविलें, आणि मग ब्रामा यांच्या कुलपाला हात घातला. हें कुलूप पिकॅडिलींतील दुकानाच्या खिडकींत कित्येक वर्षें आव्हान म्हणून मांडलेलें होतें. उघडील त्याला २०० गिनी बक्षीस. हॉब्जनें १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्चून तें उघडलें. लंडनांत मोठी खळबळ उडाली. असल्या गोष्टी उघड बोलल्या तर चोरांचें फावेल, असें पुष्कळांना वाटलें. त्यावर हॉब्जच्या बाजूचें उत्तर असें, कीं चोरांना त्यांचा धंदा आपल्याहून आधींच चांगला येतो. अजाण राहतो तो फक्त कुलूप विकत घेणारा. पुढें १८८३ सालीं ऑग्युस्त केर्कहॉफ्स यानें लष्करी गुप्तलेखनावर लिहितांना याच विचाराला नियमाचें रूप दिलें: यंत्रणा शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये; गुप्त राहावी ती केवळ किल्ली. हा गृहस्थ पॅरिसमध्यें जर्मन भाषेचा अध्यापक होता. नवा विषय आला कीं तो संगणकवाल्यांच्या पदरांत टाकून मोकळे होणाऱ्या आमच्या भाषाविभागांतील मित्रांना ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत असतों.

आपल्या काळांत हाच वाद २००३ सालीं कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठांत रंगला. संगणकाचे विषाणु कसे लिहितात हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शिकविण्याचें जॉन एकॉक या प्राध्यापकानें ठरविलें, तेव्हां विषाणुप्रतिबंधक माल विकणाऱ्या कंपन्यांनीं एकच ओरड केली. विद्यापीठानें अभ्यासक्रम मागें घेतला नाहीं. बाहेरच्या जाळ्याशीं संबंध नसलेल्या बंदिस्त प्रयोगशाळेंत तो चालविला. वैद्यकाचा विद्यार्थी रोगजंतु हाताळतो तो असाच. आमच्या मतें या वादाचा निकाल येथेंच लागला. शिकवावें कीं नाहीं हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. कोणत्या शिस्तीनें शिकवावें, एवढाच उरला आहे.

त्या शिस्तीचें मोल रॉबर्ट मॉरिसच्या गोष्टीवरून कळतें. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्यानें स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यांत सोडला. कोणाचा पैसा चोरावा असा त्याचा हेतु नव्हता. परंतु प्रती निघण्याच्या वेगाचा अंदाज साफ चुकला आणि हजारों संगणक ठप्प झाले. न्यायालयानें त्याला तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवलें आणि शिवाय ४०० तास समाजसेवा व दंड ठोठावला. त्याचा बाप अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या कामांतच मोठ्या हुद्द्यावर होता, आणि मुलगाही पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत प्राध्यापक झाला. म्हणजे बुद्धि होती, विद्या होती, घरचें वळणही होतें. ध्यानांत राहिलें नाहीं तें एवढेंच, कीं दुसऱ्याच्या यंत्रावर हात ठेवण्यापूर्वीं त्याला विचारावें लागतें.

आपल्याकडील २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा भर याच गोष्टीवर आहे. मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत शिरणें हें त्याच्या ४३ व्या कलमांत येतें. तेंच लबाडीनें केलें तर ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. बोटें तींच, कळफलक तोच. मध्यें परवानगीचा कागद असला कीं ती नोकरी होते, नसला कीं गुन्हा. असें असतां पुष्कळ आराखड्यांत हा भाग शेवटच्या सत्रांत, दोन श्रेयांकांच्या ‘नीति व कायदा’ या विषयांत कोंबलेला असतो. मुलें तो परीक्षेच्या आदल्या रात्रीं वाचतात आणि दुसऱ्या दिवशीं विसरतात. आमची सूचना अशी होती कीं हा विषय निराळा ठेवूंच नये. प्रत्येक प्रयोगापूर्वीं प्रात्यक्षिकाच्या वहींत मुलांकडून चार ओळी लिहवून घ्याव्या: यंत्र कोणाचें, परवानगी कोणाची, ती किती वेळेपुरती, आणि दोष आढळल्यास तो सांगावयाचा कोणाला. या ओळी नसतील तर प्रयोग कितीही साधला तरी गुण शून्य.

दुसरा वाद विषयाच्या हद्दीचा. हा केवळ यंत्रांचा विषय नव्हे याचा दाखला आम्हां पुणें-मुंबईकडच्या लोकांना घरांतच मिळालेला आहे. पैसे काढण्याच्या यंत्रांत कार्ड घातलें कीं, पैसे द्यावे कीं नाहीं असें तें यंत्र बँकेला विचारतें. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या बाबतींत चोरांनीं या प्रश्नोत्तरांच्या मध्यें आपला बनावट उत्तर देणारा बसविला, आणि तो प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत गेला. ११ तारखेला कांहीं तासांच्या आंत २८ देशांतून पैसा निघाला; १३ तारखेस आणखी रक्कम परदेशीं वळती झाली; एकंदर ९४ कोटींवर पाणी पडलें. ११ तारीख म्हणजे दुसरा शनिवार, बँकेची सुटी. या चोरीची उकल करणाराला संगणक कळला पाहिजे, बँकेचा हिशेब कळला पाहिजे, परदेशांचे कायदे कळले पाहिजेत, आणि सुटीच्या दिवशीं जागेवर कोण असतें हेंही कळलें पाहिजे.

म्हणूनच अमेरिकेंतील ए. सी. एम. वगैरे संस्थांनीं २०१७ सालीं या विषयाचा जो मार्गदर्शक आराखडा केला, त्यांतल्या आठ विभागांपैकीं मनुष्य, संस्था आणि समाज हे तीन निराळे ठेवले आहेत. ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे’ अशी थाप मारणारा भामटा कुलूप फोडीत नाहीं. पेन्शनर आजोबा स्वतःच दार उघडून देतात. त्यांना तें कां उघडावेंसें वाटलें, हें मानसशास्त्राचा अध्यापक सांगूं शकेल. राहतां राहिला प्रश्न कोणतीं हत्यारें शिकवावीं याचा. आजचें हत्यार मुलगा पदवी घेईतों जुनें होतें. त्यावर बैठकीचा वेळ फार घालवूं नये.

सर्वांत अवघड भाग मात्र आराखड्यांत लिहितां येण्याजोगा नाहीं. आमच्या ओळखीच्या एका मुलाला आपल्या महाविद्यालयाच्या निकालाच्या पानावर, वरच्या पत्त्यांतला एक आंकडा चुकून बदलतांच, दुसऱ्याचे गुण दिसले. तो तेथेंच थांबला आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत जाऊन त्यानें हें सांगितलें. कचेरीनें त्याच्या वडिलांना बोलावून पोलिसांची भीति घातली. दोष कित्येक महिने तसाच राहिला. मुलगा मात्र शहाणा झाला. त्यानंतर त्याला असलें आणखी काय काय दिसलें हें त्यानें कोणाला सांगितलेलें नाहीं. आम्ही विचारलें तेव्हां तो नुसता हंसला. अशा हंसण्यानें आम्हांला फार भय वाटतें; कारण ज्याला ‘मीं कशाला सांगूं?’ असें वाटूं लागलें, त्याला उद्यां ‘मीं कां घेऊं नये?’ असें विचारणारा कोणी भेटावयाचाच.

सरकारनें दोष कळविण्यासाठीं ‘सर्ट-इन’ ही संस्था ठेवली आहे. पण अठरा वर्षांचा मुलगा प्रथम येतो तो आपल्या मास्तरांकडे. वहींतल्या चौथ्या ओळींत त्यानें कोणाचें तरी नांव लिहावयाचें आहे. तेथें आपलें नांव लिहावेंसें त्याला वाटेल असें आपण वागतों काय, एवढें प्राध्यापकांनीं आणि प्राचार्यांनीं आधीं पाहावें. अभ्यासक्रम मग खुशाल मंजूर करावा.