पाताळगंगेच्या काठाकाठाने

वैशाखाच्या उन्हात कर्जतहून खोपोली लोकल पकडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. वाटेतले ओढे म्हणजे नुसते दगडगोटे. खोपोलीत उतरून नदीवर आलो, तर पाताळगंगा खळाळत चाललेली! कोकणातल्या एवढ्याशा नदीला ऐन उन्हाळ्यात हे पाणी कुठलं?

घाटाकडे मान वर केली की डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ दिसतात. वर वळवण, लोणावळा आणि शिरोटा ही टाटांची धरणं. तिथला पाऊस खरं तर भीमेच्या खोऱ्यातला, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारा. तो अडवून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात आणला आणि १९१५ पासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. चक्रं फिरवून सुटलेलं पाणी मात्र इथेच राहिलं. पाताळगंगा बारमाही झाली ती अशी, मुंबईच्या गरजेपोटी.

काठावर गोधड्या धूत बसलेल्या मावशींना विचारलं, "पाणी असंच असतं का?"

"छे! पावरहाऊस चाललं की चढतं, बंद झालं की उतरतं. आम्ही बघूनच धुणं काढतो."

गगनगिरी महाराजांच्या आश्रमावरून पुढे निघालो आणि सावरोली-खारपाडा रस्ता धरला. रसायनीला नदीचं रूप पालटतं. इथली कारखानदारी या पाण्याच्या भरवशावर उभी राहिली, पनवेलकडच्या वस्तीलाही ते जातं. नाकाला मात्र अधूनमधून रुमाल लावावा लागला. नदी कधी हिशेब चुकताही करते: जुलै १९८९च्या पुरात इथला रिलायन्सचा प्रकल्प बुडाला होता.

टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवा, अशी भीमेच्या दुष्काळी खोऱ्यातून मागणी होते. भूगोल त्यांच्या बाजूने आहे, हे मला कबूल आहे. पण शंभर वर्षांत या काठाने त्याच पाण्यावर संसार मांडलाय. मागणी मान्य झाली, तर मावशींच्या धुण्यापासून कारखान्यांच्या पंपांपर्यंत सगळ्यांनाच उत्तर द्यावं लागेल.

आपट्याच्या पुढे भरतीचं पाणी जाणवू लागतं. खारपाड्याच्या पुलावर गोवा महामार्गाची वाहनं धडधडत होती. खाली नदी धरमतरच्या खाडीकडे वळली होती. मी पेणच्या गाडीला हात केला.