हॅरोच्या घरातील दोन दिवस

परदेशी गेलेल्या मुलांकडे आईवडिलांनी काही महिने जाऊन राहणे ही नागपूरच्या आंबेडकरी वस्त्यांत आता अपूर्वाईची बाब उरलेली नाही. इंदोरा, पाचपावली, बेझनबाग या भागांत फिरताना कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे, कोणाची मुलगी इंग्लंडात शिकते आहे, असे सहज कानी पडते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासन जी परदेशी शिष्यवृत्ती देते, तिच्या आधारे दरवर्षी अनुसूचित जातींतील पंचाहत्तर विद्यार्थ्यांना जगातील नामवंत विद्यापीठांत जाता येते. ज्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांना लंडनच्या शिक्षणासाठी साहाय्य केले, त्यांच्याच नावाने हे व्हावे, याचे आम्हांस इतिहासाचे शिक्षक म्हणून विशेष समाधान वाटते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने परदेशातील वास्तव्याविषयी लिहिण्याची सूचना केली, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन करण्याऐवजी एका शनिवार-रविवारी आप्तांच्या घरी जे घडले, तेच वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही ठरविले.

२०२३ च्या उन्हाळ्यात, कन्येच्या बाळंतपणानिमित्त, आम्ही उभयता इंग्लंडातील लेस्टर या गावी सहा महिने होतो. जून महिन्यात लंडनच्या वायव्येकडील हॅरो या उपनगरात राहणाऱ्या आमच्या आतेभावाचे निमंत्रण आले. आत्याही त्याच्याकडेच असतात. लेस्टरहून आगगाडीने सव्वा तासात सेंट पँक्रास, आणि तेथून भुयारी रेल्वेने हॅरो. आमच्या पिशवीत नागपूरहून आणलेले मूगवड्या, कुरड्या आणि उडदाचे पापड होते. आत्यांनी दूरध्वनीवर मागणी केली होती ती एवढीच.

शनिवारी दुपारी घर माणसांनी भरून गेले. भाऊ, वहिनी, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. हाउन्स्लोहून आलेले वहिनींचे बंधू सहकुटुंब. आणि शाहू शिष्यवृत्तीवर लंडनला पदव्युत्तर शिक्षण घेणारी आमच्या मावसबहिणीची मुलगी. वहिनींनी वडाभात आणि पाटवडीचा रस्सा केला होता. तर्रीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती, आणि त्यामुळे घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी येत होते. बोलणे नागपुरी, हसणे नागपुरी. लहान मुले तेवढी इंग्रजीत भांडत होती.

जेवणे झाल्यावर पुढच्या खोलीत बसलो असता आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आले, की भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र नाही. नागपुरातील त्यांच्या घरी दारातून आत शिरताच बुद्धमूर्ती आणि बाबासाहेब दृष्टीस पडत. त्यांनी सहज विचारले. वहिनी म्हणाल्या, “वर आहे, आमच्या खोलीत. इकडे महाराष्ट्र मंडळातली माणसं येतात-जातात ना.” एवढे बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

विषय तेथेच संपला असता, पण भाची बोलली. ती राहते त्या वसतिगृहात स्वयंपाकघर सामाईक आहे. पहिल्याच आठवड्यात एका भारतीय सहाध्यायिनीने तिला आडनाव विचारले, मग गाव, मग वडिलांचा व्यवसाय, आणि शेवटी “म्हणजे तुम्ही कोण?” असा अर्धवट प्रश्न. भाचीने “आम्ही बौद्ध” असे उत्तर दिले. त्यानंतर त्या मुलीचे डबे फ्रीजच्या वेगळ्या कप्प्यात गेले. भाची हे रडत सांगत नव्हती, तक्रारीच्या सुरातही नव्हती. बसची वेळ सांगावी तसे तिने ते सांगितले.

आतेभाऊ विचारी माणूस आहे. त्याचे म्हणणे आम्ही येथे प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण असे म्हणणारे आज आपल्यात अनेक आहेत. तो म्हणाला, “बाबासाहेबांना मी विसरलेलो नाही. त्यांच्यामुळे मी इथं आहे. पण माझ्या मुलांना जात म्हणजे काय हे ठाऊक नाही. वर्गात त्यांना कुणी विचारत नाही. बाबासाहेबांना जातच नष्ट करायची होती ना? मग ती या दोन लेकरांपुरती नष्ट झाली असेल, तर मी ती पुन्हा का शिकवू?”

या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर पुरे पडत नाही. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की जात ठाऊक नसणारी तुझी मुले ज्यांच्या घरी खेळायला जातात, त्या घरांत ती ठाऊक आहे. तसे नसते तर छायाचित्र वरच्या मजल्यावर गेलेच नसते. इंग्लंडच्या संसदेलाही हा विषय टाळता आलेला नाही. तेथील २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट अंतर्भाव करावा, अशी तरतूद २०१३ मध्ये संसदेने केली. परंतु दीर्घ विचारविनिमयानंतर जुलै २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे आणि न्यायालयांच्या निवाड्यांवर विसंबण्याचे ठरविले. अमेरिकेतील सिएटल शहराने मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घातली. तात्पर्य, जात समुद्र ओलांडून गेली आहे, हे तेथील राज्यकर्त्यांच्या दप्तरीही नोंदले गेले आहे.

आत्या इतका वेळ कोपऱ्यातील खुर्चीवर बसून पापडांची पुडकी मोजीत होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या दहा वर्षांच्या होत्या. त्या दिवशी रविवार होता. आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला. घरातील सगळी माणसे पांढऱ्या वस्त्रांत पहाटेच पायी निघाली. पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर, बाबासाहेब आणि माईसाहेब व्यासपीठावर होते, हे आत्यांना पुढे मोठ्यांकडून कळले. त्यांना स्वतःला आठवते ते आजोबांच्या खांद्यावरून दिसलेले पांढरेशुभ्र मैदान आणि हजारो तोंडांतून एकदम उमटलेला प्रतिज्ञांचा आवाज. त्या मुलाला म्हणाल्या, “घरी आल्याबरोबर माह्या बापानं देव उचलले अन् नागनदीत सोडले. तवा शेजाऱ्याले पुसलं नव्हतं, का बाबा तुले कसं वाटीन. शेजारी चार महिने बोलला नाही. मंग बोलला.”

भाऊ काही बोलला नाही. वहिनींनी सर्वांच्या हाती चहा दिला. त्या रात्री छायाचित्र होते तेथेच राहिले.

रविवारी सकाळी सर्व मंडळी १०, किंग हेन्रीज रोड येथे गेलो. चॉक फार्म स्थानकापासून जवळच, रांगेतील जुन्या घरांपैकी हे एक. १९२१-२२ या काळात बाबासाहेब येथे राहिले. भाऊ अकरा वर्षे लंडनला असून प्रथमच येथे येत होता. दारालगतच्या निळ्या गोल पाटीवरील मजकूर त्याच्या मुलीने मोठ्याने वाचला.

मुलांना आम्ही त्या दिवसांची हकीकत सांगितली. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा आले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. दिवसभर ग्रंथालयात, आणि रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

“रोज पापडच?” लहानग्याने विचारले. “पैसे नव्हते तर इतक्या लांब आले कशाला?”

उत्तर भाचीने दिले. “पैसे होते थोडे. ते पुस्तकांना लागायचे.” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आजीने काल मोजलेल्या पापडांतील एक आज मिळेल का, असे त्याने आजीला विचारले.

या घराचा अलीकडचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. घर विक्रीस निघाले, तेव्हा ब्रिटनमधील आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी त्याचे उद्घाटन झाले. परंतु निवासी वस्तीत संग्रहालय नको, अशी हरकत निघाली आणि कॅम्डेन परिषदेने परवानगी नाकारली. रीतसर सुनावणी होऊन मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली, तेव्हा कोठे हे घर उघडपणे बाबासाहेबांचे स्मारक म्हणून उभे राहू शकले. हे ऐकताना भाऊ आमच्याकडे न पाहता पाटीकडे पाहत होता. परतीच्या वाटेवर त्याने मुलीला विचारले, तुझ्या वर्गात या घराविषयी सांगशील का? ती म्हणाली, सांगेन, पण मला आधी सगळे नीट सांगा. मोटारीत तिला “सगळे” सांगता सांगता भाऊ दोनदा चुकीच्या रस्त्याला लागला.

छायाचित्र पुढे कोठे लागले, हे आम्ही विचारले नाही. तो निर्णय त्या घराचा आहे. मात्र त्या दोन दिवसांनी आम्हांस आमच्या व्यवसायाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर येथून आपल्या वसतिगृहात येणारी मुले रोज सकाळी वंदनेला एकत्र बसतात. त्या सभागृहात बाबासाहेबांचे छायाचित्र समोरच असते आणि ते कोठे लावावे हा प्रश्न कोणाला पडत नाही. येथून बाहेर पडल्यावर पुण्यात, बंगळुरात, लंडनला, भाड्याच्या खोलीत किंवा स्वतःच्या घरात, तो प्रश्न प्रत्येकापुढे उभा राहणार आहे. त्या वेळी नुसता अभिमान फार काळ पुरत नाही. सांगण्यासारखे ठाऊक असावे लागते. भाचीला “आम्ही बौद्ध” हे शांतपणे म्हणता आले, कारण त्या दोन शब्दांमागे काय आहे, ते तिला घरी आणि शाळेत कोणीतरी नीट सांगितले होते.

परतल्यानंतर आम्ही नववीच्या वर्गाला एक काम दिले : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर असलेल्या आपल्या घरातील वा गावातील व्यक्तीला भेटून तिची आठवण तिच्याच शब्दांत लिहून आणावी. बेचाळीस मुलांपैकी अवघ्या सहा जणांना असे माणूस सापडले. आमच्या कुटुंबात आता आत्या एकट्याच उरल्या आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या घरी असे वडीलधारे अद्याप आहेत, त्यांनी येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ दोन तास बसावे, ते बोलतील ते वऱ्हाडी-नागपुरी जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि त्याची एक प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी, एवढी विनंती या लेखाच्या निमित्ताने करतो. त्या सहा वह्या आम्ही कपाटात स्वतंत्र कप्प्यात ठेवल्या आहेत. कप्पा मोठा आहे.

जय भीम.