वैद्याचें व्रत

घरांत कोणास न सांगितलेली गोष्ट सून डॉक्टरांस निःसंकोच सांगते, याचें कित्येक वडीलधाऱ्यांस वैषम्य वाटतें. आम्हांस त्यांत नवल दिसत नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत शिष्यास आरंभींच बजाविलें आहे कीं, रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर फोडूं नये. विश्वास बसतो तो या व्रतावर. लाजेनें अर्धेंच सांगितलें, तर निदानही अर्धेंच होणार. मनोविकारांच्या बाबतींत तर २०१७ च्या कायद्यानें गुप्तता हा रुग्णाचा हक्कच ठरविला आहे. परंतु वडील मंडळी शेजारीं बसली, कीं त्याच खोलींत सुनेची जीभ अडखळते. मग वैद्यानें पाळलेल्या मौनाचा उपयोग काय? सुज्ञ वाचकांनीं सुनेस दारापर्यंत पोंचवावें, आणि आपण बाहेरच बसावें.