चारिदाचा महिषासुर

तोंड हिरवंगार. मिशा गालांवर चढलेल्या, डोळे वटारलेले, ओठांच्या कोपऱ्यांतून सुळे बाहेर आलेले. डोक्याभोवती मोरपिसं, मणी, जरीच्या झालरी आणि चमक्यांचा एवढा पसारा, की हा दारातून सरळ आत शिरू शकत नाही, त्याला तिरकं व्हावं लागतं. पुरुलियाच्या छऊ नाचातला हा महिषासुर. त्याच्या आख्यानात दुर्गा असते, गणपती असतो, कार्तिक असतो. त्यांचे मुखवटे देखणे असतात, पण मला विचाराल तर कारागिराचा खरा जीव असुरात असतो. देवाचं रूप ठरलेलं असतं, तिथं फार हात फिरवता येत नाही. असुराच्या भुवईला आणखी एक वळण दिलं तर कोण अडवणार?

त्याचं गाव चारिदा. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात, बाघमुंडीजवळ, अयोध्या डोंगराच्या पायथ्याशी. इथल्या सूत्रधार घराण्यांचा मूळ धंदा सुतारकीचा. बाघमुंडीच्या राजाच्या आश्रयानं ती इथं आली आणि मुखवटे करू लागली, असं गावात सांगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आणि घराची पुढची खोली हाच कारखाना. घरातली पोरंटोरंही कागद फाडायला, मणी ओवायला बसलेली असतात.

महिषासुराचा जन्म होतो उलट्या क्रमानं. आधी फळीवर मऊ चिकणमातीचा चेहरा उठवतात. बोटांनीच नाक ओढायचं, गाल फुगवायचे. चेहरा जरा सुकला की त्यावर बारीक राख भुरभुरतात. ही राख फार महत्त्वाची, कारण ती नसेल तर वरचा कागद मातीला कायमचा धरून बसेल आणि मुखवटा साच्यातून सुटणारच नाही. राखेवर खळीत भिजवलेल्या कागदाचे आठ-दहा थर चढतात. इतक्या थरांखाली नाकडोळे बुजून जातात आणि चेहरा ओळखू येईनासा होतो. मग पातळ मातीचा लेप, त्यावर जुनं सुती कापड, आणि हातात थापी, म्हणजे लाकडाची छोटी पट्टी. बुजलेली नाकाची धार आणि भुवईची कड त्या थापीनं दाबून, घासून पुन्हा वर काढायची. सगळं कसब इथं आहे. ऊन खाऊन झालं की मातीचा चेहरा मागून काढून घेतात. उरतं ते कागद-कापडाचं पोकळ टरफल, वजनाला हलकं आणि टणक. त्याला डोळ्यांची, नाकाची भोकं पाडायची, खडूमातीचा पांढरा हात द्यायचा, मग रंग आणि शेवटी तो सगळा साजशृंगार.

इतकं होऊनही तो अजून अर्धाच असतो. त्याला मान हवी, खांदे हवेत, आणि ते मिळतात चैत्रात.

चैत्र संपता संपता गाजन हा शंकराचा उत्सव येतो आणि तिथून पाऊस पडेपर्यंत गावोगाव छऊच्या रात्री रंगतात. रंगमंच नसतो. मोकळ्या जागेत माणसं गोल करून बसतात आणि नाचणाऱ्यांना आत यायला एक वाट सोडतात. धमसा हा भलाथोरला नगारा, सोबत ढोल आणि सनई. पहिला मान गणपतीचा. पुढं कोण येतंय ते गायक गाण्यातून सांगतो, आणि ढोलवाला त्या वाटेवर धावत जाऊन येणाऱ्याला अक्षरशः आव्हान देतो. मग अंधारातून तो हिरवा चेहरा पुढं सरकतो.

तोंड रंगवून नाचणारा नट डोळ्यांनी राग दाखवील, ओठ थरथरवील. महिषासुराला पापणीसुद्धा लववता येत नाही. म्हणून त्याचा सगळा राग खांद्यांत उतरतो, छातीत उतरतो. मान बारीक झटके देते तेव्हा मोरपिसं शहारतात आणि तो न हलणारा चेहरा संतापलेला दिसू लागतो. मग उडी! हवेत गिरकी घेऊन तो थेट गुडघ्यांवर आपटतो, आणि धमसा त्याच क्षणी दणकतो. आत एक माणूस आहे, त्याला दोन भोकांमधून दिसेल तेवढंच दिसतंय, स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येतोय. दिवसा तो शेतात राबतो किंवा मजुरीला जातो. कुर्मी महातो, भूमिज, मुंडा अशा समाजांतली ही माणसं आहेत. या कलेला मी लोककला म्हणतो ते काहीशा नाइलाजानं, कारण या शब्दात त्या गुडघ्यांची मेहनत कुठं दिसत नाही.

दुर्गा येते, सिंह येतो, महिषासुर मरतो आणि पुढच्या गावात पुन्हा उभा राहतो.

पुरुलियाच्या छऊला भावंडंही आहेत. झारखंडच्या सरायकेल्याचा छऊ मुखवटा घालतो, पण त्याची चाल मृदू. ओडिशाच्या मयूरभंजचा मुखवटाच घालत नाही. युनेस्कोनं २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत छऊला घेतलं ते तिघांना मिळून. मुळात पुरुलियाच बंगालात आला १९५६ मध्ये, त्याआधी तो बिहारच्या मानभूम जिल्ह्याचा भाग होता. नाचाला सीमा कळत नाहीत.

माणसांच्या हिशेबाला मात्र त्या कळतात आणि त्यात एक गोष्ट मला खुपते. छऊचे थोर नर्तक गंभीरसिंह मुडा यांना पद्मश्री मिळाली १९८१ मध्ये. चारिदाचे मुखवटाकार नेपालचंद्र सूत्रधार यांना ती मिळाली २०२४ मध्ये, मरणोत्तर. शरीराचं कौतुक आधी झालं, चेहरा घडवणाऱ्या हाताला त्रेचाळीस वर्षं वाट पाहावी लागली.

या महिषासुराला म्हातारपण नसतं. घामानं कागद मऊ पडतो, आपटण्यानं मुकुट निखळतो. डागडुजी होते, नाहीतर नवा येतो. म्हणून मुखवटे जपणारी संग्रहालयं मला फार मोलाची वाटतात. मागच्या पिढ्यांनी असुराचे डोळे कसे काढले होते हे आज चारिदात शिकणाऱ्या मुलाला पाहायचं असेल, तर काचेमागं जपलेल्या मुखवट्याशिवाय दुसरा पुरावा कुठं मिळणार?

पण जपायचं कसं, याचा धडा बंगालनंच घालून दिलाय. गुरुसदय दत्त हे आयसीएस अधिकारी, बीरभूमचे जिल्हाधिकारी. गावोगाव फिरून त्यांनी कांथा गोधड्या, पटचित्रं, लाकडी बाहुल्या गोळा केल्या. पण त्यांनी वस्तूंवर थांबून भागवलं नाही. रायबेंशे हा लढवय्यांचा नाच मागं पडला होता, त्याला त्यांनी पुन्हा मान मिळवून दिला आणि १९३२ मध्ये व्रतचारी चळवळ सुरू करून शाळकरी मुलांना नाचायला लावलं. एका हातानं वस्तू जपली, दुसऱ्या हातानं पावलं जपली. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात आहे, आणि २०१७ नंतर केंद्राची मदत थांबल्यानं ते संग्रहालय ओढग्रस्तीत सापडलं. दत्तांच्या कामाची ही किंमत होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काचेमागचा महिषासुर मला नको आहे असं मुळीच नाही. मला त्याच्याशेजारी धमसाचा आवाज हवा आहे, तो डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याचं चलच्चित्र हवं आहे, आणि पाटीवर ‘पुरुलिया, कागदलगदा’ एवढ्यावर न थांबता करणाऱ्याचं नाव हवं आहे.

पुरुलियाच्या मुखवट्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अयोध्या डोंगर पाहायला येणारे पर्यटक भिंतीवर टांगायला छोटे मुखवटे घेऊन जातात आणि त्यावर चारिदातल्या अनेक घरांच्या चुली पेटतात. त्यात वाईट काही नाही. तुम्ही गेलात तर शक्यतो चैत्रात जा आणि एक रात्र त्या गोलात बसा. मुखवटाही जरूर घ्या. फक्त घासाघीस करू नका, आणि मागच्या बाजूला कारागिराकडून त्याचं नाव आणि साल लिहून घ्या.