दंडाला धरणारे गृहस्थ

प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते. त्या दिवशी टेबलावर सगळ्यांत जास्त भाव खातं ते बीपीचं मशीन. या गृहस्थांकडे एक पट्टा, एक रबरी फुगा आणि जुन्या वळणाचे असतील तर काचेच्या नळीत पारा. नव्या पिढीनं पारा टाकला आणि पडद्यावर आकडे आणले. दंड धरायची खोड मात्र तीच.

घराण्याचा अभिमान भारी. पट्टा १८९६ साली तुरीनच्या रिवा-रोची या डॉक्टरनं दिला, तर ठोके कानानं ऐकायला १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन सर्जननं शिकवलं.

स्वभाव मानी. एसटीतून उतरून कुणी धापा टाकत आली, पट्टा बांधताना बोलत राहिली, पायावर पाय टाकून बसली की यांचा पारा चढलाच. लघवी तुंबलेली असली तरी आकडा फुगतो. जाड दंडाला अपुरा पट्टा बांधलेला तर मुळीच खपत नाही. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला, तोंड बंद. मग खरं बोलतात.

पाचव्या महिन्यानंतर कुणी ‘डोकं ठणकतंय’ म्हणाली की गृहस्थ कान टवकारतात. सासूबाई म्हणतात ऊन लागलं, शेजारीण म्हणते पित्त, आई मीठ-मोहऱ्या ओवाळते. पोरगी कपाळाला बाम चोळून अंगावर काढते. हे कुणाचंच ऐकून घेत नाहीत, सरळ दंड धरतात. त्यांचा हा उद्धटपणा मला फार आवडतो, कारण त्यानं जीव वाचतात. १४०/९० दिसलं की कपाळाला आठी पडते. पण एका आकड्यावर ते शिक्का मारत नाहीत, चार तासांनी पुन्हा दंड मागतात. १६०/११० वर मात्र एवढा धीर नाही. काही मिनिटांत खात्री करायची आणि मोठ्या दवाखान्याची वाट धरायची.

लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पट्टी ही त्यांची जोडीदारीण. तिसरी साक्ष सिस्टरच्या प्रश्नांची: डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? बरगड्यांखाली दुखतं का? चेहरा, हात एकाएकी सुजले का? साक्षी जुळल्या, तर वाढलेल्या रक्तदाबापायी येणारे झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आधीच सुरू करता येतं.

पण गृहस्थांना प्रत्येक डोकेदुखीचं मूळ कळतं असं नाही. जुनी अर्धशिशी गरोदरपणात बहुधा ओसरते. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच उठलेल्या डोकेदुखीला अर्धशिशी म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तरी आकडा ११०/७० असू शकतो. दुखणं क्षणात टिपेला गेलं, ताप येऊन मान आखडली, हात लुळा पडला, तर डॉक्टर यांच्या शब्दावर थांबत नाहीत, एमआरआय करतात. त्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे पोटातल्या बाळापायी तो टाळायचं कारण नाही.

बाळंतपण झालं की लोक यांना विसरतात. बाळंतिणीचं डोकं दुखलं तर जागरणावर खापर फुटतं. पण रक्तदाब बाळंतपणानंतरही उसळतो, झटके तेव्हाही येतात, आणि सहा आठवडे तरी सावध राहावं लागतं. म्हणून गृहस्थ सिस्टरच्या पिशवीत बसून माहेरच्या घरी जातात. शेक-शेगडीच्या खोलीत सगळे बाळाचं नाक कुणावर गेलं ते बघत असतात. हे बाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत; आईचा दंड मागतात.